म्हाताऱ्याचे चार कॅसिनो

रोज कामावरून घरी आलो की मी ओट्यापाशी उभा राहून खिसे रिकामे करतो. दोन स्क्रू, एक वॉशर, वायरचा तुकडा, उडालेली फ्यूज. मुद्दाम कोण आणतं? पण निघतंच काहीतरी. माझी बायको संगीता म्हणते, "एवढ्या सामानात आपला स्वतःचा कॅसिनो उभा राहील!" किश्श्यांचंही तसंच झालंय बघा. एकही मी जमवायला गेलो नव्हतो. तेरा वर्षं एका जागी काम केलं आणि खिसे भरत गेले.

मी मिलिंद, मूळचा नागपूरचा. आधी मिशिगनमध्ये, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत होतो. तिथून लेऑफ झाला आणि लास व्हेगासला येऊन पडलो. एका कॅसिनोत इंजिनिअर. म्हणजे एसी, लिफ्ट, पंप आणि दारातलं कारंजं.

आमचे मालक रसेल ब्रॅनॉक. हायवेवर, वाळवंटात त्यांच्या आईची खानावळ होती. तिथे कोपऱ्यात दोन स्लॉट मशीन्स ठेवलेली. पैसे टाका, बटण दाबा, चित्रं जुळली तर तुमचं नशीब! त्या दोन मशीन्सचे पुढे चार कॅसिनो झाले, तीन हॉटेलं झाली, आणि अर्ध्या शहराच्या चादरी धुणारी एक लाँड्री झाली. समोर सगळे त्यांना 'मिस्टर बी' म्हणतात. आमच्या घरात मात्र ते 'म्हातारा'. प्रेमानं हं!

आणि त्यांची सेक्रेटरी डॉलोरेस. चाळीस वर्षं त्यांच्याकडे. अख्ख्या कंपनीत म्हाताऱ्याला न घाबरणारी एकटीच!

*

इंटरव्ह्यूपासूनच सुरू करतो.

दोन रात्री झोप नव्हती. हातात तीन महिन्यांची मुलगी आणि व्हिसाचे मोजके दिवस. ही नोकरी नाही मिळाली तर सामान बांधायचं आणि नागपूर गाठायचं, एवढं स्पष्ट होतं.

म्हाताऱ्यानं माझा रेझ्युमे उलटा करून टेबलावर ठेवला. वाचलाच नाही! मला कॅसिनोच्या मजल्यावर मधोमध नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "श्वास घे. कसला वास येतोय?"

मी घेतला. परफ्यूम, सिगारेट, तळलेलं चिकन. आणि त्याच्या मागे काहीतरी.

"सर, कुठलं तरी बेअरिंग जळतंय. वर, डाव्या हाताला."

शिडी मागवली, छताची फळी काढली. एसीच्या पंख्याचं बेअरिंग लालबुंद! आणखी तासाभरात पेटलंच असतं.

म्हाताऱ्यानं तिथेच हात पुढे केला. "सोमवारपासून ये. तुझ्याआधी तिघं येऊन गेले."

"त्यांना वास आला नाही?"

"आला ना! तिघंही म्हणाले, पैशाचा!"

*

माझी आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हाची गोष्ट. मी कुठे काम करतो ते तिला बघायचंच होतं. नेलं. पांढरं पातळ, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला पर्स. लॉबीतल्या सोफ्यावर ती बसली आणि म्हातारा नेमका समोरून आला.

मी ओळख करून दिली. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "एवढा मोठा महाल बांधला, पण एक घड्याळ लावायचं नाही सुचलं यांना? माणसाला वेळ कळावी कशी?"

आता कॅसिनोत घड्याळ नसतं ते विसरून नसतं होय! पण तिला काय सांगणार? मी भाषांतर केलं, "आईला बिल्डिंग खूप आवडली."

म्हातारा हसला नाही. "ती मनगटाकडे बोट दाखवत होती. बिल्डिंग मनगटावर नसते. नीट सांग."

सांगितलं. काय करणार?

दुसऱ्या दिवशी लॉबीत हे एवढं मोठं, गोल, पितळेचं घड्याळ! मार्केटिंगचा हेड धावत आला, चेहरा पांढराफटक. "मिस्टर बी, हे काय? लोक वेळ बघून उठून जातील!"

"मिलिंदची आई महिनाभर आहे," म्हातारा म्हणाला. "तिचं विमान उडेपर्यंत हे हलणार नाही."

मी कौतुकानं आईला दाखवायला घेऊन गेलो. "बघ, तुझ्यासाठी लावलंय साहेबांनी!"

आईनं चष्मा लावला. पर्समधून आपलं घड्याळ काढून ताडून पाहिलं.

"पाच मिनिटं मागे आहे," म्हणाली.

*

माझी मुलगी रमा दुसरीत होती. शाळेत करिअर डे. कुणीतरी पालकानं येऊन आपल्या कामाबद्दल सांगायचं. माझी त्या दिवशी पंपाची तपासणी होती, रजा शक्य नव्हती. रमा फोनवर रडायला लागली. "बाबा, यू प्रॉमिस्ड!" ते म्हाताऱ्यानं ऐकलं आणि स्वतः गेला! मी तपासणी उरकून धावत पोचलो तेव्हा वर्गात एवढ्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

एका मुलीनं विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त कोण जिंकतं?"

म्हाताऱ्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "बिल्डिंग," तो म्हणाला.

टीचर घाईघाईनं पुढे आल्या. "थँक यू, थँक यू! आता मुलांनो, मोठेपणी तुम्हाला काय व्हायचंय? रमा, तू सांग?"

रमा उभी राहिली. "बिल्डिंग!"

*

आता लिफ्टचा किस्सा.

म्हाताऱ्याला आपला सगळ्यात जुना, लहान कॅसिनो विकायचा होता. घेणारा न्यूयॉर्कचा. किंमत जमली होती, पण एक गोष्ट अडली होती. नव्या मालकाला तिथली सगळी जुनी माणसं काढायची होती. स्वयंपाकघरातल्या बायका, दारवान, सफाईवाले. म्हातारा म्हणत होता, दोन वर्षं तरी कुणाला हात लावायचा नाही. न्यूयॉर्कवाला म्हणत होता, जमणार नाही. तीन मीटिंगा फुकट गेल्या. चौथीला दोघं एकत्र लिफ्टमध्ये शिरले आणि आठव्या-नवव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट बंद!

मी पळतच वर मशीनरूममध्ये गेलो. दाराच्या सेन्सरवर धूळ बसली होती, बस. इंटरकॉम उचलला. "मिस्टर बी, दहा मिनिटांत काढतो!"

पलीकडून अगदी शांत आवाज. "मिलिंद, घाई करू नकोस. सेफ्टी फर्स्ट."

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सेन्सर पुसून मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. दर दहा मिनिटांनी विचारायचो, "सर, ठीक आहात ना?" आणि दर वेळी उत्तर यायचं, "नीट काम कर, मिलिंद. नीट."

मधेच एकदा न्यूयॉर्कवाल्याचा आवाज आला, "इथे हवा येतेय ना?" तर म्हातारा म्हणतो, "सध्या तरी येतेय!"

पन्नास मिनिटांनी विचारणा झाली, "मिलिंद, झालं का?"

"झालं, सर!" आणि लिफ्ट सुरू.

दार उघडलं तेव्हा न्यूयॉर्कवाल्याचा टाय हातात होता, शर्ट ओलाचिंब. दोन वर्षांची अट त्यानं मान्य केली होती. बाहेर पडता पडता माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "एवढ्याशा कामाला एक तास? या माणसाला आधी नोकरीवरून काढा!"

"अरेरे, उशीर झाला," म्हातारा म्हणाला. "त्याला मी आत्ताच प्रमोशन दिलंय!"

*

बुद्धपौर्णिमा. आम्ही चाळीसेक कुटुंबं दरवर्षी एकत्र येतो. त्या वर्षी ठरलेला हॉल आयत्या वेळी कॅन्सल झाला. म्हाताऱ्याच्या कानावर गेलं, तर म्हणाला, "माझा बँक्वेट हॉल घे. भाडं नको."

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. बघतो तर हॉलच्या मॅनेजरनं नेहमीचं पॅकेज लावून ठेवलेलं. कोपऱ्यात बार आणि पत्त्यांची दोन टेबलं! आम्ही चार जणांनी ती ढकलत बाहेर काढली. वंदना झाली, खीर वाटली गेली. म्हातारा मागच्या रांगेत वाटी घेऊन बसला होता.

"ते शेवटी सगळे एका सुरात काय म्हणत होते?" त्यानं विचारलं.

मी पंचशील समजावून सांगितलं. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, दारू-नशा नाही.

म्हातारा बोटांवर मोजत पुटपुटला. करंगळीपर्यंत येऊन थांबला. "हे पाचही माझ्या पाहुण्यांनी पाळले तर माझं हॉटेल आठवड्यात बंद पडेल."

"हो, सर."

"मग तू माझ्याकडे काय करतोस?"

"सर, एअर कंडिशनिंग!"

*

साथीच्या वर्षी सरकारचा हुकूम आला. दुपारी बारापासून सगळे कॅसिनो बंद. आम्ही दाराशी आलो तेव्हा कळलं, बावीस काचेची दारं आणि एकालाही कुलूप नाही! कुलूप जाऊ द्या, कुलपाला भोकसुद्धा नाही. जी जागा रात्रंदिवस उघडी, तिला कुलूप कशाला?

डॉलोरेसनं जुन्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो ऐंशीच्या पुढचा. म्हणाला, "मी कुलपं लावत होतो, तुमच्याच साहेबानं काढायला लावली! म्हणे, हे दार बंद व्हायचंच नाही."

हार्डवेअरच्या दुकानातल्या साखळ्या केव्हाच संपल्या होत्या. शेवटी एका सायकलच्या दुकानातून मी होती नव्हती ती सगळी नंबरची कुलपं आणली. लाल, हिरवी, पोपटी. शेवटचं लहान मुलींचं, गुलाबी, त्यावर शिंग असलेला घोडा. मेन दार म्हाताऱ्यानं स्वतः बंद केलं. त्या गुलाबी कुलपानं!

आधी आत एक फेरी मारली होती आम्ही. सगळी मशीन्स काळी. आमच्या पावलांचा आवाज येत होता. म्हातारा एका खांबाला हात टेकून थोडा वेळ उभा राहिला. मी त्याला म्हातारा म्हणत आलो, पण तो खरंच म्हातारा दिसला तो त्या दुपारी.

कुलूप लावल्यावर डॉलोरेसला म्हणाला, "सगळ्यांना फोन कर. किचन, लाँड्री, सगळे. पगार चालू राहील म्हणून सांग."

"किती दिवस?"

"हे कुलूप उघडेपर्यंत."

आणि पाळलं त्यानं. घरात बसून मला तो पगार मिळत होता, तेव्हा संगीता आणि मी कितीदा एकमेकांकडे बघायचो, ते आम्हालाच माहीत.

शेवटी उघडायची सकाळ आली. बाहेर स्टाफची गर्दी, टीव्हीचे कॅमेरे. म्हातारा कुलपाशी वाकला. आकडे फिरवले. उघडेना. पुन्हा फिरवले. ढिम्म! लोक टाळ्या वाजवायला हात वर करून थांबलेले.

मी हळूच विचारलं, "सर, नंबर काय ठेवला होता?"

"लग्नाची तारीख."

मागून डॉलोरेसनं विचारलं, "पहिल्या की दुसऱ्या?"

*

गेल्या वर्षी म्हाताऱ्यानं उरलेलं सगळं एका मोठ्या कंपनीला विकलं. तब्येत साथ देत नव्हती, मुलीला धंद्यात रस नव्हता. सकाळी अकराला सह्या झाल्या. नंतर त्यांना, डॉलोरेसला आणि मला, तिघांनाच जेवायला जायचं होतं. एक वाजताचं टेबल बुक होतं.

दाराकडे जाता जाता म्हातारा एका स्लॉट मशीनपाशी थांबला. माशांच्या चित्रांचं मशीन, सगळ्यात स्वस्त. आमच्याकडे नियम असा की मालक असो की झाडूवाला, आपल्या कॅसिनोत खेळायचं नाही. आणि दुसऱ्यांच्या कॅसिनोत म्हातारा पाऊल टाकत नसे. म्हणजे या माणसानं उभ्या आयुष्यात एकदाही मशीनचं बटण दाबलेलं नव्हतं! पण आता सह्या वाळल्या होत्या. आता तो साधा नागरिक होता.

तो खुर्चीवर बसला. खिशातून वीस डॉलरची नोट काढली आणि मला विचारलं, "ही घालतात कुठे?"

कुणीही हसलं नाही. ड्रिंक्स वाटणाऱ्या मुली, सिक्युरिटीवाले, सफाईवाले, सगळे हातातलं काम सोडून गोल उभे राहिले. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी काही नाही. तिसऱ्या वेळी तीन मासे जुळले, मशीन गाऊ लागलं. चार डॉलर! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हाताऱ्यानं टोपी काढून सगळ्यांना सलाम केला. डॉलोरेस डोळे पुसत होती.

पाच मिनिटांत मशीनवर शून्य.

म्हातारा उठला. कोट झटकला. "बरं," एवढंच म्हणाला. मग एकेकाशी हात मिळवला, नावानिशी. आम्ही बाहेर आलो. गाडी दाराशी लागली होती. डॉलोरेस आत बसली, मी दार धरून उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं, तर म्हातारा नाही!

एवढा मोठा दिवस, हे वय. मी धावतच आत गेलो.

तो शेजारच्या मशीनवर बसला होता. कोट खुर्चीच्या पाठीवर, चष्मा नाकाच्या टोकाला, टोपी बाजूच्या खुर्चीवर जागा धरून ठेवल्यासारखी.

"सर, एक वाजताचं टेबल आहे," मी म्हटलं. "डॉलोरेस गाडीत थांबलीय."

त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," म्हणाला. "हे आता देणार आहे."