तर्री-पोहे खाणारं यंत्र

माणसाच्या बोलण्याचा अर्थ ओळखणारं यंत्र आपल्या कंपनीनं बनवलंय, असं आमचा मालक अख्ख्या सदर बाजारभर सांगत सुटायचा. डोंबलाचं यंत्र! मागच्या खोलीत बसलेल्या आम्ही चार-पाच बाया, हेच ते यंत्र. फ्रीज-कूलर विकणाऱ्यांकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, त्यांचा मालकाचं सॉफ्टवेअर काहीतरी भलताच अर्थ लावायचं आणि आम्ही दिवसभर ते निस्तरत बसायचो.

मग पुण्याची एक बडी कंपनी आम्हाला विकत घेणार, अशी बातमी आली. मालकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भिंतींवर 'शब्दांपलीकडचं शहाणपण', 'क्रांती' असले फलक लागले. ज्याला कारकुनाच्या रजेचा अर्ज धड समजत नाही, तो म्हणे क्रांती करणार! मला हसू यायचं. पण शेजारच्या खुर्चीवरची माझी मैत्रीण हसत नव्हती. ती रोज सावनेरहून बसनं यायची. एम.ए. झालेली, जिभेनं तिखट, आणि नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर. "विकू दे ना त्याले काय विकायचं ते," ती म्हणायची. "आपली नोकरी राहिली म्हणजे झालं."

पुण्याचे पाहुणे आले त्या दिवशी मालक आमच्या खोलीत डोकावला. "आज यंत्राच्या भरवशावर राहू नका. पाहुणे तिकडून तक्रार लिहितील, तुम्ही इकडून उत्तर द्या. आवाज नको बरं." दार ओढून घेतलं. पाहुण्यांसाठी तर्री-पोहे मागवले होते, त्यातले आमच्याही वाट्याला आले. जगात दुसऱ्या कुठल्या यंत्रानं तर्री-पोहे खाल्ले असतील असं वाटत नाही.

पहिली तक्रार आली आणि नेमका मैत्रिणीच्या की-बोर्डावर पोह्यांवरचा तर्रीचा रस्सा सांडला. आम्ही ओढण्यांनी पुसत सुटलो. उत्तर जाईना. भिंतीपलीकडून मालकाचा आवाज आला, "यंत्र विचार करून राहिलं, सर." काय हा निर्लज्जपणा! आणि ते सुटाबुटातले शहाणे चक्क "वा, वा" म्हणाले.

तक्रार अशी होती: 'तुमच्या सेवेला तोड नाही. उन्हाळाभर शेजाऱ्याच्या फ्रीजमधलं पाणी पितोय.' सॉफ्टवेअरनं 'गिऱ्हाईक खूश' म्हणून विषय मिटवला असता. की-बोर्ड कसाबसा चालू झाल्यावर मैत्रिणीनं लिहिलं, 'हा माणूस संतापलाय. आधी फोन करून माफी मागा. मेकॅनिक आजच पाठवा. अभिप्राय मात्र चुकूनही मागू नका.' पलीकडे टाळ्या पडल्या. तिचा चेहरा खुलला. मीही तिच्या पाठीवर थाप मारली.

सौदा झाला. पेपरात पानभर जाहिरात आली. तिच्यात तेच उत्तर, शब्द न शब्द, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आता माणसाची गरज नाही.' त्याच आठवड्यात मागची खोली बंद करून आम्हाला घरी पाठवलं. नव्या साहेबांना जाहिरातीतलं खरंच वाटलं होतं, एवढे ते अकलेचे कांदे. मालकाला सगळं ठाऊक होतं, पण त्या हलकटानं तोंड उघडलं नाही.

डबे-पिशव्या घेऊन आम्ही दोघी खाली फुटपाथवर उभ्या होतो. मी मालकाच्या सात पिढ्या उद्धरत होते. तिनं डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "मी एवढं मन लावून काहून लिहिलं, सांगू का वं? मले वाटलं, सौदा जमला तर आपल्याले ठेवतील."