बेपत्ता काकूंची इटली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. मुद्देमाल एका केसमधला आठवतो आणि आरोपीचा चेहरा दुसऱ्याच. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं शिल्लक आहे. त्यात खून नाही, दरोडा नाही, कोर्टही नाही. तरी कुणी विचारलं की मी हेच सांगतो, आणि सांगताना निम्मं गाळतो. आज सगळं लिहितो.

मी जन्माने नागपूरचा. लहान असतानाच आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आलो, आयसेलिनजवळच्या एका गावाच्या पोलीस खात्यात भरती झालो आणि डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. इथे पोलीस लवकर निवृत्त होतात. माझे मित्र अजून ऑफिसला जातात आणि मी सकाळी गवत कापतो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच होतो, त्यामुळे तक्रार गुजराती आजोबांची असो की तेलुगू आजींची, ‘तुझी माणसं आलीत’ म्हणून ती माझ्याच टेबलावर यायची.

या वेळी मात्र माणसं खरंच माझी होती. माझा एक मित्र, मराठी मंडळात माझ्याबरोबर क्रिकेट खेळलेला, संध्याकाळी बायकोला घेऊन ठाण्यात आला. त्याची आई दुपारपासून बेपत्ता होती. काकूंना मी शाळेपासून ओळखत होतो. त्यांच्या हातच्या पोळ्या खाल्लेल्या होत्या. काका जाऊन काही वर्षं झाली होती, काकू मुलाकडे राहत आणि नातवंडांना सांभाळत. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. वय झालेली, हृदयरोगी व्यक्ती बेपत्ता असली की वाट न पाहता शोध सुरू करायचा, असा आमच्याकडे नियम.

मी मिसिंग पर्सनचा रिपोर्ट लिहायला घेतला. उंची, बांधा, औषधं, शेवटचा फोटो. फोटो एका लग्नातला, पैठणी आणि नथ घातलेला. आमचा सार्जंट तो बघून म्हणाला, “त्या अशाच फिरतात का? मग सापडायला वेळ लागणार नाही.” सार्जंटची आजी नेपल्सची. खात्यात त्याच्याइतका अस्सल इटालियन कुणी नव्हता, आणि इटली त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“पासपोर्ट?” मी विचारलं.

“तो घरीच आहे, यार. फाइल ड्रॉवरमध्ये. I saw it,” मित्र म्हणाला.

“कुठे जायचं बोलत होत्या का?”

“इटलीला जायचं म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ. Drop झाला तो विषय.”

त्याची बायको म्हणाली, “हल्ली त्यांचं मैत्रिणीशी सारखं फलटण चालायचं. रोज सकाळी भाजी चिरताना स्पीकरवर. रामटेक झालं की फलटण, मग वेंगुर्ला. मला वाटलं, लहानपणीचं काहीतरी बोलतायत.”

ती मैत्रीण कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला मुलीकडे राहणारी. तिथे फोन कुणी उचलला नाही. मी निरोप ठेवला आणि पुढे गेलो.

शेवटी मित्राने व्हॉइसमेल ऐकवला. मागे गाडीचा आवाज, आणि काकूंचा घाईतला स्वर: “मी येते रे. वरण कुकरमध्ये आहे, फोडणी तेवढी द्या.” मी रिपोर्टात इंग्रजीत भाषांतर लिहिलं. त्या म्हणतात, मी घरी येते आहे. मित्रानेही मान डोलावली. त्यानेही तसंच ऐकलं होतं. म्हणजे काकू गाडीत बसून घरी निघाल्या होत्या आणि वाटेत काहीतरी घडलं. सगळा तपास त्या एका वाक्यावर उभा राहिला.

रात्रीपर्यंत हॉस्पिटलं तपासून झाली. सकाळी पहिली खबर आली, ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानातून. दुकानदाराने काकूंना दुपारी एका करड्या गाडीत बसताना पाहिलं होतं. हातात फक्त पर्स. गाडी राईडवाल्या काकांची.

राईडवाले काका आपल्या लोकांत सगळ्यांना माहीत होते. निवृत्त माणूस, मूळ उमरेडकडचा, लोकांना एअरपोर्टला पोचवायचा. आम्ही त्यांना ठाण्यात आणलं. हक्क वाचून दाखवले. गप्प राहण्याचा हक्क आहे, हे ऐकून ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “हे बरंय राजा. आधी सांगता बोलू नका, मग इचारता काहून बोलत नाही.”

“काका, काकूंना कुठे सोडलंत?”

“त्या सुखरूप आहेत. यापरिस जास्त नाही सांगणार.”

“कुठे सुखरूप आहेत?”

“वहिनीले शब्द देल्ला आहे.”

संशयिताने स्वतःहून ‘सुखरूप’ म्हटलं की पोलिसाचं डोकं उलट चालतं. जे विचारलं नाही त्याचं उत्तर देणारा माणूस काहीतरी झाकतो, असं आम्हाला शिकवलेलं. मी आवाज चढवला. त्यांच्या बायकोचं नाव काढलं. काकूंची गोळी चुकली तर काय होईल ते पुन्हा पुन्हा ऐकवलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अर्धा दिवस त्या लोखंडी खुर्चीत बसवून ठेवलं. ते घामाघूम झाले, पण शब्दाला चिकटून राहिले.

अटक करण्याजोगा पुरावा नव्हता. सार्जंटने त्यांना जाऊ द्यायला सांगितलं. काका उठले, चष्मा पुसला, दाराशी गेले आणि सवयीने मागे वळून म्हणाले, “बरंय, येतो साहेब.”

आणि बाहेर पडले.

मी दाराकडे बघत राहिलो. माणूस जात होता आणि येतो म्हणत होता. माझी आई देवळात जाताना हेच म्हणते. मी स्वतः रोज घरातून ड्यूटीवर निघताना हेच म्हणत असे. आपल्यात ‘जातो’ कुणी म्हणत नाही, अशुभ असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो निरोप मी कानाने ऐकला नव्हता, कागदासाठी ऐकला होता. इंग्रजीचा कागद समोर आला आणि माझ्यातला मराठी माणूस रजेवर गेला. मित्र तर इथेच वाढलेला.

“सार्जंट, त्या घरी येत नव्हत्या,” मी म्हटलं. “त्या निघाल्या होत्या. निरोप घेत होत्या.”

“कुठे निघाल्या?”

मी सुनेचा जबाब पुन्हा काढला. रामटेक, फलटण, वेंगुर्ला. पहिलं नागपूरकडे, दुसरं साताऱ्याकडे, तिसरं थेट कोकणात समुद्रावर. या क्रमाने कुणीही शहाणा माणूस फिरणार नाही. मी ती नावं, उच्चारतो तशीच, फलटणही ‘एफ’ने, इंग्रजीत फळ्यावर लिहिली आणि सार्जंटला सांगितलं की ही तिन्ही आमच्याकडची गावं, पण एकत्र कशी बसतात ते कळत नाही. त्याला नावं वाचता येईनात. त्याने नुसती पहिली अक्षरं वाचली. आर, एफ, व्ही.

“अरे,” तो म्हणाला, “रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. माझ्या चुलतभावाचा हनिमून!”

मी मित्राला पासपोर्ट घेऊन बोलावलं. त्याने आणला. सार्जंटचा तर्क मी त्याला सांगितला. मी तो पहिल्यांदाच हातात घेतला. कव्हरला आरपार भोकं पाडलेली होती. जुना, रद्द झालेला पासपोर्ट. नवा काकूंनी कधीच करून घेतला होता आणि जुना ड्रॉवरमध्ये आपल्या जागी ठेवून दिला होता. मित्राने पाहिला होता, उघडला नव्हता. मी तेवढंही केलं नव्हतं.

काकू रोमच्या विमानाने गेल्याची विमान कंपनीकडून खात्री झाली. त्याच सुमारास फ्रीमाँटहून मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. माझा निरोप तिने घरच्या मशीनवर आत्ता ऐकला होता. “आई? She’s in Rome. काकूंबरोबर,” ती म्हणाली. “काय झालं? त्यांच्या घरी माहीत नाहीये?” तिने हॉटेलचा नंबर दिला. मित्र बाहेर बाकावर बसला होता. मी दार लावून फोन केला.

“काकू, मी बोलतोय. पोलीस म्हणून बोलतोय, रागावू नका.”

“अगं बाई, तू! तुझी आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे. तुम्ही कशा आहात ते सांगा. गोळ्या घेताय ना?”

“वेळेवर. अरे, आज ते पँथिऑन पाहिलं. वर घुमटाला हे एवढं मोठं भोक आहे, आणि पाऊस सरळ आत पडतो. इतक्या शतकांत कुणी बुजवलं नाही. आपल्याकडे लगेच पत्रा टाकला असता बघ.”

मागून मैत्रीण ओरडली, “त्याला त्या आइस्क्रीमचं, जेलाटोचं सांग!”

सगळं त्यांनीच सांगितलं. वर्षभर दोघींनी भाजी चिरत बेत आखला होता. नातवंडांना इंग्रजी येतं, सुनेला मराठी कळतं, म्हणून गावांची नावं बदलली. मॉलमध्ये बूट घालून चालायचा सराव केला. डॉक्टरांना विचारून घेतलं. एकेक कपडा राईडवाल्या काकांकडे नेऊन ठेवला आणि बॅग तिथेच भरली.

“रोमला पोचल्यावर लगेच मुलाला फोन करणार होते,” त्या म्हणाल्या. “धीर झाला नाही. त्याला कळव, मी बरी आहे म्हणून. पण कुठे आहे ते तू सांगू नकोस, बाळा. तो पुढच्या विमानाने येईल. नाही आला तर फोनवर रडेल. तो रडला की मी परत फिरणार, फ्लॉरेन्स न बघता. मला माझं माहीत आहे.”

नंबराचा कागद मी घडी करून खिशात ठेवला. मग त्या म्हणाल्या, “आयुष्यात जिथे जिथे गेले, तिथे कुणाचं तरी काहीतरी होतं. बाळंतपण, लग्न, आजारपण. अमेरिकेलाही तुझ्या काकांच्या मागून आले. सुट्टी मिळाली की इंडिया. या गावात माझं कुणीही नाही रे. कुणी वाट बघत नाही. फार बरं वाटतंय.”

आमचा नियम साफ आहे. बेपत्ता व्यक्ती सज्ञान असेल, शुद्धीत असेल आणि स्वतःच्या मर्जीने गेली असेल, तर घरच्यांना फक्त ती सुखरूप असल्याचं सांगायचं. ठिकाण तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. हा नियम मी अनेकदा, अनेक अनोळखी नवऱ्यांना आणि बापांना ऐकवला होता. त्या दिवशी तो बाहेर बाकावर बसलेल्या मित्राला ऐकवायचा होता.

“सुखरूप आहेत. मी स्वतः बोललो.”

“Oh thank God. कुठे आहे? रोममध्ये? फ्रीमाँटवालीबरोबर?”

“ते सांगता येणार नाही.”

त्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा बदलला. “Dude, ती माझी आई आहे. तू आमच्या घरी जेवलायस.”

“माहीत आहे.”

“मग हॉटेलचं नाव सांग. मी फक्त फोन करतो.”

“त्यांनी नको म्हटलंय.”

“म्हणजे तिने तुला सांगितलं आणि मला नाही!” तो उभा राहिला. “तू साला पोलीसच राहिलास.”

तो पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसून होता. खिडकीतून मला त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं दिसत होतं. माझ्या खिशात त्या हॉटेलचा नंबर होता. मी खाली गेलो नाही. रिपोर्टात लिहिलं, सुखरूप सापडल्या, ठिकाण गोपनीय, आणि केस बंद केली. ते बरोबर केलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही घरी जाऊन जेवू शकलो नाही.

राईडवाल्या काकांकडे मी माफी मागायला गेलो. ‘त्यांना पोलिसांनी नेलं होतं’ ही बातमी तोवर सगळ्या मंडळात पसरली होती आणि राईड मागणारे कमी झाले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला. काका म्हणाले, “तुमी तुमचं काम केलं. पण साहेब, त्या खोलीतली खुर्ची बदला. कबूल करायसारखं काही नसलं तरी माणूस कबूल करते.” मी हसलो. ते हसले नाहीत. ती माफी मला अजून मिळालेली नाही, असंच मी धरून चालतो.

काकू ठरल्या वेळी परत आल्या आणि एका सकाळी बिस्किटांचा डबा घेऊन ठाण्यात हजर झाल्या. सार्जंटला त्यांनी समोर बसवलं. फ्लॉरेन्सला तिथे ‘फिरेन्झे’ म्हणतात हे त्याला शिकवलं. तिथल्या त्या प्रसिद्ध संगमरवरी पुतळ्यापाशी दोघी इतका वेळ उभ्या राहिल्या की पहारेकऱ्याने खुर्ची दिली. “हात बघ त्याचे,” त्या म्हणाल्या, “धुणं धुतल्यावर आपल्या शिरा वर येतात ना, तशा.” चामड्याच्या बाजारात मैत्रिणीने मराठीतूनच घासाघीस केली. व्हेनिसला दोघी रोज मुद्दाम चुकायच्या. गल्ली संपली की समोर पाणी. मागे वळायचं, दुसरी धरायची. कुणी उशीर का झाला म्हणून विचारत नाही. सार्जंटने विचारलं, माझे गुडघे टिकतील का? काकू म्हणाल्या, “आधी बूट घे.”

ते सकाळचं ठाणं, कॉफीचा वास, ड्यूटीवरची पोरं भोवती उभी, आणि मधे बसून व्हेनिस सांगणाऱ्या काकू. नोकरी सुटल्यावर मला जे परत हवंसं वाटतं ते हे.

या केसने मला एवढं शिकवलं की हरवलेलं माणूस शोधणं हे पोलिसाचं काम, पण ते घरी परत करणं नेहमीच त्याचं काम नसतं. हे शिकण्याची किंमत मी भरली नाही, माझ्या मित्राने आणि त्या काकांनी भरली. म्हणून ते अभिमानाने सांगता येत नाही.

मित्र पुढे कितीतरी वर्षं माझ्याशी बोलला नाही. मंडळाच्या गणपतीत भेटला तर पंगतीत दुसऱ्या टोकाला बसायचा. मागच्या वसंतात अचानक त्याचा फोन आला.

“आई परत निघालीय. सिसिलीला. एअरपोर्टला मीच सोडून आलो.”

“छान.”

“आणि ऐक, तिने हॉटेलचं नाव सांगितलं. सगळ्या हॉटेलांची नावं. मी विचारलंसुद्धा नव्हतं, यार. सांगू तुला?”

“नको,” मी म्हटलं. “मला सांगू नकोस.”