तीन नंबरची बाटली

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडच्या बर्फात होती. पोस्टचं नाव सांगत नाही. सांगूनही हिंगोलीत कोणाला कळणार नाही. नोव्हेंबरात रस्ता बंद व्हायचा तो एप्रिलपर्यंत. मी मेस हवालदार होतो. सकाळी पाचला चहा, सातला फॉलइनची रांग, मग बर्फ उपसणं, राशनचा हिशेब, केरोसिनचा हिशेब, संध्याकाळी रोलकॉल. रोज हेच.

दारूचा स्टोअरही माझ्याकडे. मी स्वतः पीत नाही, तेव्हाही पीत नव्हतो. म्हणूनच मेजर साहेबांनी किल्ली माझ्याकडे दिली होती. जवानांसाठी रम यायची. स्कॉच म्हणजे साहेब लोकांची, ती क्वचित. मला दोन्हींचा वास सारखाच यायचा.

कंपनीत माझ्या सेनगाव तालुक्यातला एकच माणूस होता. नाईक उत्तम, गाव साखरा. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई. लग्न ठरत होतं. उत्तमचं नाक भलतं तिखट. केरोसिनमध्ये डिझेल मिसळलंय की नाही, हे तो झाकण उघडून सांगायचा. डाळ करपण्याच्या आधी त्याला कळायचं. तो मला उस्ताद म्हणायचा, आणि आजूबाजूला कोणी नसलं की आम्ही गावाकडचं बोलायचो. त्या एका कारणाने मला तो सख्ख्या भावासारखा होता.

जानेवारीत कमांडिंग ऑफिसरांनी आमच्या मेजर साहेबांवर एक काम टाकलं. रेझिंग डे, म्हणजे पलटणीचा वाढदिवस, जवळ येत होता. पाहुण्यांसाठी एकच स्कॉच घ्यायची होती. चवीला चांगली आणि पैसे वसूल होतील अशी. हेलिकॉप्टरने तीन जातींची एकेक बाटली वर आली. एक स्वस्तातली मिश्र व्हिस्की. एक बारा वर्षं मुरवलेली, मधल्या किमतीची. तिसरी बेटावरची, धुराचा वास असलेली, सगळ्यात महाग.

मेजर साहेब पंजाबकडचे, डोक्याने तेज. ते म्हणाले, "लेबल देखा तो सब महंगीवाली की तारीफ करेंगे." त्यांनी तिन्ही बाटल्या रमच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्यांत स्वतः ओतल्या आणि पट्ट्या चिकटवून एक, दोन, तीन असे नंबर टाकले. कोणत्या नंबरात काय, हे फक्त त्यांच्या डोक्यात. मग मला हुकूम दिला, "उत्तम को बुलाओ. उसकी नाक चाहिए."

दुपारी तीनला आम्ही तिघं मेसच्या बंकरमध्ये बसलो. धड राहिलेले ग्लास दोनच होते, एक साहेबांना, एक उत्तमला. मी थर्मासमधलं गरम पाणी धरून उभा. प्रत्येक वेळी बोटाच्या पेराएवढीच ओतली होती. उत्तम त्या दिवशी किती प्यायला होता, असं विचारणारे विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

उत्तमने एक नंबर तोंडात घोळवली. साहेब म्हणाले, "बोल."

"सर, गाय-छाप तंबाखूची रिकामी पुडी होती है ना, वैसा."

साहेब हसले. दोन नंबरात त्याने थोडं गरम पाणी घेतलं. चव घेतली आणि म्हणाला, "सर, ठीक है. पण पैसे किसलिए देना, समझा नहीं." तेवढ्यात त्याचा ग्लास तडकला. गार काचेवर गरम पाणी पडलं होतं, दुसरं काय होणार! तो आपल्या बराकीतून स्वतःचा स्टीलचा मग घेऊन आला. तीन नंबर मी त्यात ओतली.

एक घोट घेऊन त्याने लगेच दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "उस्ताद, ह्यात गूळ हाय. घरचा वास येऊन राह्यला."

साहेबांनी आपल्या ग्लासातली तीन नंबर पुन्हा चाखली. "गुड़? इसमें? कहाँ?"

"सर, तीन नंबर. हंड्रेड पर्सेंट."

साहेब चक्रावले. त्यांना त्यात गूळ सापडेना. मला तर काहीच कळत नव्हतं. ते नाव सांगणार, इतक्यात वायरलेस बोलला.

"टायगर, टायगर फॉर फॉक्स. एक जवान सीरियस. छाती में पानी. ऑक्सिजन खत्म. ओव्हर."

"फॉक्स फॉर टायगर. पार्टी भेज रहे हैं. आउट."

टायगर म्हणजे आम्ही, फॉक्स म्हणजे आमची वरची पोस्ट, दोन तास चढण. चौघांची पार्टी ठरली. सिलिंडर पुढच्या माणसाकडे, उत्तम दोरीवर शेवटचा. तीन चाळीसला ते निघाले. बूट बांधताना तो मला म्हणाला, "उस्ताद, साहेबाला सांगा, मी येईपर्यंत तीन नंबर कोनती हाय ते कुनाला सांगू नका. मलाच आधी पाह्यचंय. आईला फोनवर सांगतो, म्हनावं सायबाच्या दारूत तुझा गूळ सापडला."

"जा, लवकर ये," मी म्हणालो.

नाला ओलांडताना वरून बर्फ सुटलं. पुढचे तिघे कडेला फेकले गेले, वाचले. दोर तुटला होता. हुकुमाप्रमाणे सिलिंडरवाला वर गेला, दोघं खणत राहिले, मागून आम्ही पोचलो. हाताने खणलं, ताटांनी खणलं. उत्तम सापडला तेव्हा उजेड जात होता. वरचा जवान जगला. आज तो दोन लेकरांचा बाप आहे.

रेझिंग डेला त्या वर्षी रमच झाली. तीन नंबरात काय होतं, हे कोणी विचारलं नाही आणि साहेबांनी सांगितलं नाही.

मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो, सेनगावात घर बांधलं. साखऱ्याला उत्तमच्या आईकडे, गयामावशीकडे, माझं जाणं-येणं आहे. यंदा पितृपंधरवड्याच्या आधी तिचाच निरोप आला. गेलो तर ओट्यावर बसली होती, पाणीही न विचारता बोलायला लागली.

"दत्ता, दोन साल झाले, उत्तमच्या पानाला कावळा शिवत न्हाई. भजे ठिवले, खीर ठिवली, त्याची आवडीची मेथी ठिवली. येतो अन् उडून जातो. त्याचं काय राह्यलं रे? तू व्हतास ना तिथं?"

मी टाळू शकलो असतो. म्हातारीला दारूचं काय सांगायचं! पण तिचा चेहरा पाहिला आणि सगळं सांगितलं. तीन बाटल्या, नंबर, गूळ, बूट बांधताना बोललेलं वाक्य.

ती म्हणाली, "म्हंजे त्याला नाव पाह्यचं व्हतं. तू काढ शोधून. चवदसला त्याच्या पानावर तेच ठिवू."

"मावशी, दारू हाय ती."

"व्हय, कळलं मला. काढ शोधून."

हुकूम स्पष्ट होता. अवघड होतं ते त्याच्यापुढचं.

मेजर साहेब आता कर्नल होऊन रिटायर झालेत, दूरच्या शहरात असतात. फोन लावला. ते आनंदले आणि म्हणाले, "तीन नंबर? महंगीवाली थी, धुएँवाली." मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "दत्ता, गलत बोल दिया. सस्तीवाली थी. पक्का." मी वहीत लिहिणार होतो, बरं झालं लिहिलं नाही. कारण तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "यार, दो और तीन में कन्फ्यूजन है. मुझे कुछ याद नहीं. सॉरी."

साहेबांचा आवाज थकलेला होता. मीच म्हणालो, "सर, कोई बात नहीं."

मग ठरवलं, त्याच तीन जाती मिळवायच्या आणि गूळ कशात आहे ते पाहायचं. स्वस्तातली कॅन्टीनच्या कोट्यात मिळाली. मधली हिंगोलीत. धुराची जिल्ह्यात कुठेच नव्हती, भाच्याने नांदेडहून आणली आणि तिची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. खोक्यांवर काय काय लिहिलेलं! नाशपाती, व्हॅनिला, ओकचं लाकूड, समुद्राचं मीठ. गूळ कुठेच नाही. गूळ त्या लोकांना माहीत तरी असेल का, हाच प्रश्न होता.

टेबलावर तिन्ही बाटल्या पाहून बायको, कमल, दारातच थांबली.

"लोक रिटायर झाल्यावर देवळात जाऊन बसतात. तुमी काहून दुकान मांडून राह्यले?"

"उत्तमसाठी हाय."

ती बाटल्यांवर टॉवेल टाकून गेली.

मी वास घेऊन पाहिला. एकीचा वास टिंचरसारखा, दुसरीचा पॉलिशसारखा, तिसरीचा दोन्हींसारखा. डोकं आणखी गरगरलं. शेवटी तिन्ही घेऊन कनेरगाव नाक्याला किसनकडे गेलो. किसन खिल्लारे फौजेत ट्रक चालवायचा, आता नाक्यावर ढाबा आहे. दारूत त्याचा शब्द आमच्याकडे चालतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना त्याने तीन वाट्या मांडल्या.

धुराची चाखून तो म्हणाला, "ही दवाखाना हाय. एवढे पैसे देऊन दवाखान्यात कोन जातं?"

बारा वर्षांची चाखली. "ही चांगली. गुळगुळीत उतरते. पन बाटलीभर पैशात अर्ध्या बाटलीची मजा."

स्वस्तातली चाखून पुन्हा थोडी घेतली. "पैशाला बराबर हीच. पाव्हन्याला द्या, कुनाला कळनार न्हाई."

"किसन, गूळ कशात हाय?"

"गूळ?"

"गूळ. घरचा वास."

त्याने तिन्ही वाट्या पुन्हा घेतल्या. गरम पाणी घालून घेतल्या. डोळे मिटून बसला. मी आशेने पाहत होतो.

"न्हाई दत्ताभाऊ," तो म्हणाला, "गूळ एकातबी न्हाई. तुमच्या दोस्तानं चेष्टा केली आसंल."

उत्तमने चेष्टा केली नव्हती. मी त्याचं तोंड पाहिलं होतं. पण मग गूळ आला कुठून? घरी येईपर्यंत मी त्याच प्रश्नाभोवती फिरत होतो. अपघाताने गेलेल्यांचं पान ठेवतात ती चतुर्दशी दोन दिवसांवर होती. जन्मात पहिल्यांदा हुकूम पुरा न करता रिपोर्ट करायला जायचं होतं.

चतुर्दशीला सकाळी पिशवीत तिन्ही बाटल्या घेऊन साखऱ्याला गेलो. शिवारात सोयाबीन काढायला आलेलं, मधल्या तुरी हिरव्यागार. मावशीने स्वयंपाक केला होता. पत्र्याकडे जाणारी शिडी लावून ठेवली होती. मी समोर बसलो आणि सरळ सांगितलं.

"मावशी, सापडलं न्हाई. साहेबाला आठवत न्हाई. अन् गूळ तर कशातच लागत न्हाई."

मला वाटलं, ती रडेल. ती विचार करत होती.

"कशात पेला तो?"

"काय?"

"भांडं कोनतं व्हतं?"

"पहिल्या दोन ग्लासात. मग ग्लास तडकला. तिसरी त्याच्या मगात."

"स्टीलचा? बुडाला त्याचं नाव टाकेल?"

"व्हय."

ती उठली. आत डबे सरकवल्याचा आवाज आला. मग ती तो मग घेऊन आली. त्याच्या सामानाबरोबर आम्हीच तो घरी पाठवला होता. कडेला पोचा, बुडाला ठिपक्यांनी कोरलेलं 'उत्तम'.

"त्याला खोकला व्हता ना रे तवा," ती म्हणाली. "मी सुंठ-गुळाच्या वड्या धाडल्या व्हत्या पार्सलनं. फोनवर सांगायचा, आई, रोज मगात कालवून पेतो, बुडाला चिकटून बसती, बर्फाच्या पान्यानं निघतच न्हाई. मी म्हनलं, निघू देऊ नको, तेवढंच औषध."

मी मगाकडे पाहत बसलो. इतके दिवस मी दुकानं पालथी घातली, साहेबांना छळलं, किसनला पाजली. गुळाच्या वड्या धाडणारी इथे ओट्यावर बसली होती आणि मी तिला कोणत्या बाटलीत काय ते समजावत होतो. त्याला घरचा वास आला होता तो खरोखरच घरचा होता. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. ते मी पुसले नाहीत.

मावशीने डब्यातून सुंठ-गुळाची वडी काढली, मगात कुसकरली, चुलीवरचं गरम पाणी चमचाभर टाकलं.

"आता वत."

"कोनती, मावशी?"

"तिन्ही वत थोडी थोडी. त्यातलीच एक व्हती ना?"

व्हय, त्यातलीच एक होती. मी तिन्ही ओतल्या. म्हातारीने मग नाकाशी नेला, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून रडली. मोठ्याने, मोकळी रडली. त्या हिवाळ्यात शवपेटी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

पान आणि मग घेऊन मी पत्र्यावर चढलो. खाली उतरून दोघं उभे राहिलो. कावळा आला. भजं उचललं, मग वडा. मगाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"त्याला प्यायचं नव्हतंच," मावशी म्हणाली. "कळायचं व्हतं फक्त."

मी तिथूनच कर्नल साहेबांना फोन लावला.

"सर, तीन नंबर मिल गया."

"कौन सी थी?"

"बाटली में नहीं था सर. मग में था. उसकी माँ का गुड़ था, सोंठ का."

पलीकडून साहेबांचा जुना, वायरलेसवरचा आवाज आला.

"रॉजर, दत्ता. नाईक उत्तम को बता दो."

मी शिडीखाली सावधान उभा राहिलो, वर पत्र्याकडे पाहिलं आणि त्याला सांगितलं.