पाणी घातलेली बॅटरी

ईशा, निहार, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझी मॅग्नेशियमची बॅटरी दुकानात का मिळत नाही?" मी विषय बदलला, आणि नंतर त्याचीच लाज वाटली. म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसले. माझे वडील, नाना, दुकान उघडं टाकून आले होते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचं त्यांचं दुकान. सगळ्या शर्टांना अ‍ॅसिडची भोकं. खिडकीशी एवढंच म्हणाले, "चांगली बॅटरी बनाड."

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझं काम इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांमधल्या द्रावणाचं. नेहमीच्या द्रावणात मॅग्नेशियमवर पापुद्रा धरतो आणि ते पुन्हा चार्ज होत नाही. ईथरच्या काही द्रावणांत तो धरत नसे, पण त्यांना हवेतला दमटपणाही सोसत नसे. घरी गेले की नाना विचारत, "झाली का?" मी इंग्रजी शब्द फेकून वेळ मारून नेई.

नव्वदच्या आसपास एका दिवाळीला मी त्याच ईथरच्या द्रावणाची, बूच लावलेली काचेची छोटी बॅटरी नेली. प्रयोगशाळेत ती चालली होती. नानांनी शेजारी, गिऱ्हाइकं गोळा केली, मीटर लावला. काटा जरा उचलला आणि खाली बसला. मी तारा तपासते, तोवर नानांनी सवयीने बूच काढून डिस्टिल्ड वॉटर ओतलं.

"बठ्ठ्या बॅटऱ्यास्ले पाणी लागस." त्यांच्या दुकानात सगळ्याच बॅटऱ्यांना लागे.

आतलं फसफसून पांढरं झालं.

शेजारचे शेठजी म्हणाले, "नाना, हाई बॅटरी शे का सोडावाटर?" सगळे हसले.

नाना ओशाळले. "मन्हीच चूक. पोरनी चांगली बनाडेल व्हती."

गप्प राहिले असते तर मी सुटले असते. पण त्यांचा चेहरा बघवेना. "नाना, ती आधीच मरेल व्हती. पाणी नंतर पडनं."

हसू थांबलं. ते हसण्याहून वाईट होतं. नानांनी मात्र विचारलं,

"मंग सांग, कशी मरनी?"

पहिल्यांदाच मी माझं काम अहिराणीत सांगितलं, अडखळत. वाटमा बुचमातून दमट हवा शिरनी, आनि दुधावर साय धरस तसा मॅग्नेशियमवर पापुद्रा धरना.

"मंग साय काढी टाक ना!"

"तेच जमत नही, नाना."

निवृत्त होईपर्यंत ते पुरतं जमलं नाही. पुण्यात अपयशाचे रिपोर्ट लिहिले, त्यांची कधी लाज वाटली नाही. धुळ्याच्या त्या गल्लीत मात्र अजून मान वर होत नाही. म्हणूनच बहुधा घर म्हटलं की तीच गल्ली आठवते. नाना नाहीत, दुकान नाही. अहिराणी मला अजून येते.