आईनं काच घासली, सकर मासा उपाशी

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत गारगोटीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "तुझ्या सकर माशाचं पोट खपाटीला गेलंय रं. हालत बी न्हाय."

मी सुरतेत कामाला. माशांच्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खाईल म्हणून तो मासा घरी सोडून आलतो.

बघतो तर काच आरशागत लख्ख!

"कुणी घासली?"

"मीच की, रोज! तुझी टाकी हिरवी ठेवू व्हय?"

"आई, ते हिरवंच त्याचं जेवण हाय!"

ती तशीच सैपाकघरात गेली. मग काकडीची चकती उकडून पाण्यात सोडली, फोन काचेला टेकवला आणि पलीकडं बसली. पाण्यातनं आई, दार, अंगणातलं ऊन, सगळं हळूहळू हलत हुतं. मी बी तरंगायला लागलो. तेवढ्यात मासा आला आणि चकतीला चिकटला.

आई विचारतीया, उद्या काय घालू? म्हाईत असंल तर सांगा की.