फ्यूजातली जाड तार

आमच्या मालकाला सगळं गुलबर्गा बिराप्पा मिस्त्री म्हणायचं. मी नाव घेत न्हाई, आत्ता घेतलं ते तुमाला सांगण्यापुरतं. करजगीच्या धनगराघरचे, मेंढरं राखत वाढलेले. रझाकाराच्या धामधुमीत मेंढरं गेली. पोलीस ॲक्शन झाल्यावर ते विजेचे खांब रोवायच्या कामावर लागले आन् तिथंच घरात तारा वढायचं शिकले. हाताला गुण होता. पण मोठ्या माणसाच्या तोंडावर ‘न्हाई’ म्हणायचं काही त्यांना जमलं न्हाई. मी लई डोकं फोडलं, काही उपेग झाला न्हाई.

मला मात्र हौसेनं समजावायचे. “बाणू, वीज एका तारेनं येती, दिव्यातून जाती, दुसऱ्या तारेनं परत जाती. त्या दोन तारा उघड्यानं एकमेकीला लागल्या की घात. म्हणून त्यांच्यावर रबर आन् सूत गुंडाळल्यालं, आन् वरून लाकडाची पट्टी. दाराजवळ चिनीमातीची डबी असती, तिच्यात फ्यूजाची बारीक तार. वीज लई वाहाय लागली की ती आधी वितळती. दिवे जातात, पण घर वाचतं.”

“मग अंधार बरा की वो!” मी म्हणायची.

“बरा म्हंजे? लई बरा.”

एवढं कळत होतं बघा ह्या माणसाला!

गावातच ब्रह्मपूर भागातल्या श्रीनिवासराव वकिलांच्या घरी वीज ह्यांनीच जोडल्याली. वकिलांच्या मंडळी सुशीलाबाई. एका नवरात्रात वाऱ्यानं त्यांच्या घटाजवळचा तेलाचा दिवा विझला आन् दिवाळीच्या आत घरातलं एक कर्तं माणूस गेलं. त्या भ्यायल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी देवीपुढं विजेचा दिवा लावला. ह्यो वाऱ्यानं विझत न्हाई म्हणून. दोन माळा झाल्या आन् फ्यूज उडाला. ह्यांनी बांधला, परत उडाला.

ह्यांनी भिंत चाचपली. देवघराच्या मागं न्हाणीघर. पावसाळाभर भिंतीत ओल मुरल्याली, तारेवरचं सूत कुजल्यालं. म्हणाले, “बाईसाहेब, आतली तार गेलीय. वीज बंद करून बदलावी लागल.”

“नवरात्रात देवीचा दिवा बंद करू? वेड लागलंय का तुला? असली बारीक तार कामून घालायलास? जाड घाल.”

आता, आमच्या घरीबी घट बसायचा. माळ सुरू असताना आपल्या हातानं दिवा विझवायचा म्हणलं तर ह्यांचंबी मन धजंना. बाईंची भीड आन् देवीचं भ्या, दोन्ही एकदम. पदरी जाड तांब्याची तार होती, तिच्या दोन पदरांचा पीळ मारून घातला. दिवा लख्ख लागला. बाईंनी ह्यांच्या हातावर परसाद ठेवला. मेलं शहाणपण कुठं चरायला गेलं होतं त्या वक्ताला!

सातव्या माळेला तिन्हीसांजेची आरती झाली. वकिलांची सून नलिनीबाई निरांजन ठेवून नैवेद्य आणायला वळली, तवर भिंतीवरल्या पट्टीतून धूर आला आन् मखर पेटलं. फ्यूज वितळंना, मग पट्टीतली तारच तापली, दुसरं काय होणार? वकिलांनी खटका वढून वीज तोडली. तवर त्या पोरीनं दोन्ही हात आगीत घालून देवीचा टाक बाहेर काढला होता.

सुशीलाबाई म्हणल्या, सुनेनं निरांजन मखराला लावून ठेवलं. खरंच तसं वाटलं का भ्यानं म्हणल्या, देवी जाणे.

सकाळी हे वकिलांकडं गेले. डबी उघडली. जाड तार जशीच्या तशी, पट्टीतली मात्र कोळसा. ह्यांनी ती जाड तार काढून खिशात घातली. अंगणात नलिनीबाई हाताला फडकी गुंडाळून बसली होती. म्हणली, “माझंच चुकलं ना, बिराप्पा? निरांजन मीच तिथं ठेवलं.”

आन् ह्या माणसानं मान हलवली. व्हय म्हणून!

पोरीला आळंदला माहेरी धाडलं. दिवाळीलाबी सासरी तिला कुणी बोलावलं न्हाई. इकडं आमच्या घरी हे घास घ्यायचे आन् तसाच ताटात ठेवायचे. चिमणी लावली की भिंतीकडं तोंड करून बसायचे. धुण्यात ह्यांच्या खिशात ती जाड तार मिळाली तवा मी दटावून इचारलं. समदं बोलले आन् रडले. “मी अपराधी हाय, बाणू. पण सांगितलं तर मला कोण तारेला हात लावू दील?”

“आन् तिचा हात?” मी म्हणलं. “तो वो?”

तवर कानावर आलं की वकील लेकासाठी दुसरी सोयरीक बघायलेत. मी म्हणलं, “उठा. आज गेला न्हाईत तर मीच जाऊन सांगते.”

वकिलांच्या वसरीत हे हात जोडून उभे ऱ्हायले. निरांजनानं न्हाई, माझ्या तारेनं आग लागली म्हणून सांगितलं. वकील भडकले. “गाढवा, एवढे दिवस काय झोपा काढायलास?” सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाईंनीच तार घालायला लावली हे मात्र ह्यांच्या तोंडून निघालं न्हाई. वाटंत मी तणतणले. म्हणाले, “हात माझा होता.”

वकिलांचा लेक नरहरराव बायकोला आणाय निघाला. ह्यांनी हट्टच धरला, मी माझ्या तोंडानं तिला सांगणार. एकट्यानं धीर होईना, म्हणून मलाबी नेलं.

नलिनीबाईला बघून मी हबकलेच. नुसती हाडं. तिची आई म्हणली, देवीचा अपराध झाला म्हणून पोर एक वेळच्या दुधावर ऱ्हायलीय, अन्नाला शिवत न्हाई. कुणाचं ऐकत न्हाई.

ह्यांनी खाली बसून समदं सांगितलं. मान हलवली होती तेबी सांगितलं.

तिनं शिवी दिली न्हाई, शाप दिला न्हाई. आईकडं वळून म्हणली, “आई, मला भूक लागलीय. वाढ.”

आईनं भाकरी आन् तुरीचं वरण आणलं. पोरीनं हात पुढं केला. बोटं एकमेकीला चिकटून आखडली होती, तिला भाकरी मोडंना. आईनं कुस्करली आन् घास भरवाय लागली. ती घाईघाईनं खात होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मी म्हणलं, “चला आता.” हे उठले न्हाईत. तिचं जेवण सरंस्तवर तिथंच बसून बघत ऱ्हायले.