मी काढलेला खलनायक

माझ्या चित्रकथेतला खलनायक मी दादावरून काढला होता. त्या वेळी हे कुणाजवळ कबूल केलं नाही.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचं लहानपण बिद्रीत गेलं. तिथल्या शाळेत असतानाच तो वरच्या वर्गातल्या पोरांची गणितं तोंडी सोडवायचा. पुढं शहरात येऊन त्यानं राजारामपुरीत फिजिक्सचा क्लास काढला आणि नाव कमावलं. मी तिथंच एका शाळेत चित्रकला शिकवायचो. सणाला पंगत बसली की तो चारचौघांत म्हणायचा, "ह्याचं डोस्कं रंगाच्या डबीत अडकलंय. आता काय भाईर निघत न्हाय." सगळे हसायचे. मीही हसायचो.

मग मुलांच्या एका मासिकात मला चित्रकथा मिळाली. तिच्यात एक प्राध्यापक होता. प्रयोगात त्याची बुद्धी शंभरपट वाढते आणि तो शहर ताब्यात घ्यायला निघतो. समोरचा काय बोलणार ते त्याला आधीच कळायचं, त्यामुळं तो कुणाचं ऐकूनच घ्यायचा नाही. कपाळ तेवढं मी मोठं केलं. मान तिरकी करून चष्म्याच्या वरून बघणं दादाचंच होतं. काढताना मजा आली, खोटं कशाला बोलू?

अंक क्लासपर्यंत पोचले. पोरं दादाला पाठीमागं 'मेंदू' म्हणायला लागली. एके दिवशी कुणीतरी फळ्यावर ते चित्रच काढून ठेवलं. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"मी असा हाय व्हय रे?"

"दादा, गोष्ट हाय ती."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. एकाच शहरात राहून.

नंतर फोन आला तो वहिनीचा. "भावजी, या तुम्ही. ह्यांना फळ्यावरचं गणित पुरं करता येईना झालंय." पोरांना वाटलं, सर चेष्टा करतायत. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू आकसत चाललाय. या वयात सहसा होत नाही, पण होतं. गेलेलं परत यायचं नाही.

मी माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते रिक्षात घोकलं होतं. दादा खिडकीपाशी बसला होता, शर्टाची बटणं खाली-वर लागलेली. "आलास?" म्हणाला. आमचं भांडण झालंय हेच तो विसरला होता. तरी मी सगळं सांगितलं. लांबच्या नात्यातल्या लग्नाची बातमी ऐकावी तशी त्यानं मान डोलावली.

वहिनीनं कपाटातून अंकांचा गठ्ठा आणून ठेवला. त्यानं माझे सगळे भाग विकत घेतले होते. मला माहीत नव्हतं. दादा एक अंक उघडून चित्रांवरून बोट फिरवत राहिला.

"ह्यो लई हुशार दिसतोय."

"व्हय."

"मग फुडं काय हुतं ह्याचं?"

शेवटच्या भागात नायक त्याची सगळी स्मृती पुसून टाकतो. तो रस्त्याकडेला बसून स्वतःच्या हातांकडं बघत राहतो आणि लोक हसत असतात. ते चित्र मी फार जीव ओतून काढलं होतं. मी गठ्ठ्यातून तो अंक हळूच ओढून पाठीमागं घेतला. शेवटच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. म्हणजे त्यानं ते वाचलं होतं.

"पळून जातोय, दादा. कुणाला घावत न्हाय."

"ब्येस," तो म्हणाला.

क्लास बंद झाला. मी दर रविवारी जातो. मी चित्रकथा पुन्हा काढली नाही, पण त्यानं कुणाचं काय भलं झालं? गेल्या रविवारी दार दादानंच उघडलं. माझ्याकडं बघून तो अदबीनं बाजूला झाला.

"या पावणं, बसा की. कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं.

त्यानं वहिनीकडं बघितलं. ती चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.